सहा गोळ्या आणि एक अर्ज

पेणच्या एका धर्मादाय रुग्णालयाकडे मी दीड पानांचा तक्रार अर्ज केला होता. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. अर्ज मात्र खोटा होता.

माझं वय अठ्ठ्याहत्तर. रोह्याच्या शाळेत मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं. हाडांच्या मगजाच्या कॅन्सरवर माझे उपचार चालू आहेत आणि सध्या बरं चाललं आहे. कंबरपट्टा बांधून नदीच्या पुलापर्यंत जाऊन येतो. आजारातून उठलेली माणसं सहसा धीर देणारं काहीतरी लिहितात. मलाही या आजाराबद्दल काही सांगायचं आहे. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना कदाचित त्याचा उपयोग होईल. पण त्यातला बराचसा भाग मी काय चुकलो त्याचा आहे, आणि त्यात एका नर्सचं नाव खराब झालं, ते माझ्यामुळे.

वडखळ नाका

पाठ आठ महिने दुखत होती. मी त्याला वय म्हणत होतो. पत्नी कुसुम तेल चोळायची. मग एके दिवशी बादली उचलताना मणका दबला आणि मुलगा अभय मला मुंबईला घेऊन गेला.

तिथले डॉक्टर माझ्याकडे पाहून मराठीत बोलायचे आणि अभयकडे पाहून इंग्रजीत. मला इंग्रजी येतं. पण ते बोलायला लागले की मी खिडकीबाहेर पाहायचो, म्हणजे ते मोकळेपणाने बोलतील आणि मला खरं काय ते कळेल. संशयाची सुरुवात अशी पहिल्याच दिवशी झाली. त्यांनी 'उपचार आहेत' असं म्हटलं. ते मी ऐकलं, पण धरलं नाही. 'बरा होतो' असं ते म्हणाले नाहीत, तेवढं धरून बसलो.

परत येताना वडखळ नाक्यावर गाडी थांबली. अभय फोनवर बोलायला लांब, पार त्या टोकाच्या टपरीपर्यंत गेला. एवढं लांब जाऊन बोलण्यासारखं काय असतं? मागे बसलेल्या कुसुमने पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून बाटली माझ्या हातात दिली. पन्नास वर्षांच्या संसारात तिने मला कधी झाकण उघडून दिलं नव्हतं. रिपोर्ट मी नंतर वाचला. कळलं मला तिथेच.

रंजना सिस्टर

दर आठवड्याचं इंजेक्शन पेणला घ्यायचं ठरलं. सकाळी निघायचं, नागोठणं, गडब अशी गावं घेत जायचं, खाटेवर पडायचं, दुपारी परतायचं. वॉर्डात चौदा खाटा. प्रत्येक खाटेशेजारी एक पिशवी, एक पाण्याची बाटली आणि कंटाळलेला एक नातेवाईक. त्या रुग्णालयाची एक चांगली सोय होती. इंजेक्शनापलीकडच्या देखभालीसाठी ज्यांना पुन्हापुन्हा येणं जमत नाही त्यांच्या घरी आठवड्यातून एकदा नर्स जायची. रोह्याच्या बाजूला यायच्या त्या रंजना सिस्टर.

त्या गडबच्या. नवरा डोलवीच्या पोलाद कारखान्यात कंत्राटावर कामाला. वय असेल पस्तीस-छत्तीस. बोलणं गावाकडचं, नाय, व्हय, हाय असं. माझ्या कानाला ते टोचायचं, हे कबूल करतो. ज्या बाईचं बोलणं असं, तिचं शिक्षण कसं असेल, असा विचार मी केला होता. शाळेत चौतीस वर्षं मी हेच केलं असेल का, हा प्रश्न मला आता पडतो. तेव्हा पडला नाही.

पहिल्या दिवशी त्या आल्या आणि मला हात लावायच्या आधी कुसुमला म्हणाल्या, "काकी, रोज यांना कुशीवर वळवतं कोण?"

"मीच की."

"कसं ते करून दाखवा."

कुसुमने माझा खांदा धरून ओढला. मी दात आवळले.

"थांबा, थांबा! ओ काकी, खांदा पुढं नि कंबर मागं असं नाय करायचं. पिळताय तुमी गुर्जींना. धुणं हाय का ते?"

कुसुम हसली. घरात दीड महिन्यात पहिल्यांदा कोणी हसलं होतं. मग सिस्टरांनी माझे गुडघे वाकवले, मध्ये उशी घातली, कुसुमचा एक हात माझ्या खांद्यावर आणि एक कंबरेवर ठेवला आणि सांगितलं, "सगळं एकदम. लाकडाचा ओंडका कसा लोटतात, तसं. एक, दोन, तीन." मी वळलो. दुखलं, पण नेहमीच्या निम्म्याने. हे कोणी आम्हाला मुंबईत सांगितलं नव्हतं. कदाचित सांगितलं असेल, इंग्रजीत.

याबद्दल मला कृतज्ञता वाटायला हवी होती. मला वाटलं, पहिल्या दिवशी फार गोड वागणारी माणसं तपासून घ्यावीत.

दहापैकी चार

दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. नाव वाचून अभयने मोबाइलवर शोधलं आणि मोबाइल खिशात ठेवला. मी काय ते समजलो. त्याच संध्याकाळी माझ्या चुलतभावाचा फोन आला. "दादा, ही गोळी म्हणजे अफूच की रे. ही अगदी शेवटाला देतात." त्याच्या आवाजात काळजी होती, आणि आपल्याला जास्त कळतं याचा थोडा आनंदही होता.

सिस्टरांनी हे सगळं न विचारताच ओळखलं. स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "गुर्जी, तीन गोष्टी सांगते. एक, ही शेवटाची गोळी नाय. दुखण्याची हाय. दुखणं कमी झालं की हीपण कमी करता येते, पण डॉक्टरना इचारून, एकदम बंद नाय. दुसरं, घड्याळ बघून घ्यायची, दुखणं बघून नाय. दुखायला लागल्यावर घेतली तर दुखणं पुढं नि गोळी मागं, अशी पळापळ होते. तिसरं, हिच्यासंगती पोट साफ व्हायचं औषध रोज घ्यायचं. ते सोडलंत तर मला शिव्या घालाल."

"आणि जास्त झाली तर?" कुसुमने विचारलं.

"सुरवातीला दोन-तीन दिवस झोप येईल, मळमळेल. त्याला घाबरू नका. पण हाक मारून उठलेच नाहीत, श्वास अगदी सावकाश वाटला, तर लगेच फोन करा. आणि आपल्या मनानं एका वेळी दोन-दोन घ्यायच्या नायत. राह्यलेली पण पुढल्या वेळी जोडीनं घ्यायची नाय."

एवढं स्वच्छ मला पुढे कोणी सांगितलं नाही. मी मान हलवली आणि त्यातलं एकही मानलं नाही. माझा हिशेब वेगळा होता. आत्ताच एवढी कडक गोळी संपवली, तर पुढे खरंच असह्य होईल तेव्हा काय उरेल? सिस्टर म्हणाल्या होत्या की डोस लागेल तसा वाढवता येतो, साठवायची गरज नाही. मला वाटलं, विकणाऱ्याने विकायचं असतं.

मग त्या दर वेळी एक प्रश्न विचारायला लागल्या. "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाय. दहा म्हणजे याच्यापुढं जगात दुखणं नाय. आत्ता किती?"

"चार," मी म्हणालो.

शाळेत माझे गुण प्रसिद्ध होते. निबंधाला दहापैकी सहा म्हणजे माझ्याकडून शाबासकी. सात मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना दिले. आठ कोणालाच नाही. दहा तर देवालाही देऊ नयेत, असं मी शिक्षकांच्या खोलीत म्हणायचो आणि लोक हसायचे. तोच हात मी स्वतःच्या दुखण्याला लावला. आठ म्हणणारा माणूस मला रडतोंड्या वाटायचा. शिवाय आठ म्हटलं तर त्या गोळी वाढवणार, आणि गोळी वाढली म्हणजे आपण शेवटाच्या एक पायरी जवळ. म्हणून कण्हत उठायचो आणि चार सांगायचो.

सिस्टर माझ्या हाताकडे पाहायच्या. खाटेच्या कडेला माझी बोटं पांढरी पडलेली असायची.

"चारला एवढा घाम येतो व्हय गुर्जी?"

"उकाडा आहे."

"पंखा तर फुल हाय."

एकदा त्या रक्तदाब घेत असताना फाइल माझ्या मांडीशेजारी उघडी राहिली. उलट्या बाजूने मी वाचलं. आठ. माझ्या चारच्या जागी त्यांनी आठ लिहिला होता! ही बाई माझं दुखणं वाढवून लिहिते आहे. कशासाठी? जास्त गोळ्या मिळाव्यात म्हणून. आणि त्या जास्तीच्या गोळ्या जातात कुठे?

पुढच्या वेळी फाइल पुन्हा हाताशी आली तेव्हा मी नीट वाचलं. पूर्ण नोंद अशी होती: 'रुग्ण सांगतो ४. उठताना चेहरा, घाम, हाताची पकड पाहता ८ वाटते. कमी सांगत असावेत. डॉक्टरांशी बोलायचे.' दोन्ही आकडे होते. माझा माझ्या नावावर, त्यांचा त्यांच्या नावावर. मी ते वाचलं, समजलो, आणि तरीही त्यातला फक्त आठ लक्षात ठेवला.

होमिओपॅथीची बाटली

गोळ्या मोजून यायच्या. आठवड्याच्या पट्ट्या, एक वही. गोळी घेतली की वेळ लिहायची. रिकाम्या पट्ट्याही परत द्यायच्या, सिस्टर त्या वहीशी ताडून पाहायच्या. या औषधाला नियमच तसा आहे. मला त्या रिकाम्या पट्ट्या परत नेण्यातही काहीतरी वाटायचं. कचरा कोण एवढा जपून नेतं?

वही कुसुम लिहायची. तिच्यासमोर मी गिळायचो, ती वेळ टाकायची. पण कधी ती देवळात किंवा मागच्या दारी असली की मी पट्टीतून गोळी काढायचो आणि कपाटातल्या होमिओपॅथीच्या एका रिकाम्या बाटलीत टाकायचो. ती आली की म्हणायचो, "आत्ता नको, दुखत नाही फारसं." ती वहीत जागा कोरी सोडायची. गोळी पट्टीतच आहे, असं तिला वाटायचं. पट्ट्या मी माझ्या उशाशीच ठेवत होतो.

अशा सहा झाल्या.

त्या शनिवारी सिस्टरांनी पट्ट्या मोजल्या, वही पाहिली, पुन्हा मोजल्या. अभय घरी होता, त्याची दुपारची शिफ्ट होती.

"गुर्जी, सहा गोळ्या वहीत नायत आणि पट्टीत पण नायत."

मी तेव्हाच सांगू शकलो असतो. कपाट खाटेला लागूनच होतं. पण मुलगा समोर उभा होता. चौतीस वर्षं मी मुलांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं केलं. आणि बाटली सापडली तर ती काढून नेतील, माझ्या वाईट दिवसासाठी काहीच उरणार नाही, ही भीती तर होतीच.

मी म्हणालो, "तुम्हीच मोजून देता, तुम्हीच मोजून नेता. मला काय विचारता?"

अभयने सिस्टरांकडे पाहिलं, मग त्यांच्या बॅगेकडे. त्यांनी ते पाहिलेलं मला दिसलं.

"मला हे पेणला लिवून द्यायला लागल," त्या शांतपणे म्हणाल्या. "कोणावर नाव नाय घेत. पण सहा कमी हायत ते लिवायलाच लागतं."

त्या गेल्यावर मी टेबल जवळ ओढून घेतलं. त्यांचं लिहिलेलं पोचायच्या आत माझं पोचायला हवं होतं.

अर्ज

माझा अर्ज चांगला उतरला. मी लिहिलं की, मी दुखण्याची तीव्रता चार सांगितली असता नोंदीत आठ हा आकडा आढळला. खरं होतं. मी लिहिलं की, गोळ्या मोजून देणं आणि मोजून घेणं हे एकाच व्यक्तीच्या हाती आहे. खरं होतं. मी लिहिलं की, दिलेल्या गोळ्यांपैकी सहा आमच्या वहीप्रमाणे घेतल्या गेलेल्या नाहीत आणि पट्टीतही शिल्लक नाहीत. अक्षरशः खरं होतं. 'या तीन बाबी एकत्र पाहता कोणताही निष्कर्ष मी काढू इच्छित नाही,' असं शेवटी लिहिलं. निष्कर्ष वाचणाऱ्याने काढावा, अशीच सगळी मांडणी होती. अभयने अर्ज वाचला आणि स्वतः पेणला नेऊन दिला.

रुग्णालयाने चौकशी लावली. ती होईपर्यंत रंजना सिस्टरांच्या घरभेटी बंद केल्या. फेरीला दुसरी नर्स नव्हती, त्यामुळे रोह्याची फेरीच बंद झाली.

आळीत मी कोणाला काही सांगितलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. तेही खोटं. हसनचाचांच्या बायकोने, जुबेदाचाचीने, सिस्टर का येत नाहीत म्हणून दारात उभं राहून विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "चाची, गोळ्या गेल्या आमच्या. चौकशी चालू आहे." एवढंच.

हसनचाचा आमच्याच आळीतले, चार घरं पलीकडचे. शिंपी. माझे सगळे बुशशर्ट त्यांच्या हातचे. त्यांना तोंडाचा कॅन्सर होता आणि त्यांच्याकडेही रंजना सिस्टरच यायच्या. फेरी बंद झाल्यावर त्यांच्या गोळ्या पेणहून आणायला लागायच्या, फाइल घेऊन, घरच्या माणसाने किंवा त्याने पाठवलेल्या कोणीतरी. मुलगा आखातात. चाचीला गुडघ्यांमुळे एसटीची पायरी चढवत नव्हती. कोणी जाणारं मिळालं की गोळ्या यायच्या, नाहीतर नाही. त्या दिवसांत दुपारी त्यांचा आवाज माझ्या खोलीपर्यंत यायचा. शब्द नसायचे, नुसता आवाज. मी कुसुमला खिडकी लावायला सांगायचो. उन्हाची झळ येते, असं म्हणायचो.

दीड महिन्याने चाचा गेले.

चार म्हणजे चार

माझ्या गोळ्या अभय आणत होता. चाचांच्याही आण, असं मी त्याला कधी म्हणालो नाही. इंजेक्शनच्या दिवशी पेणला दुसऱ्या एक सिस्टर फाइल घेऊन यायच्या. "किती?" "चार." त्या चार लिहायच्या आणि पुढच्या खाटेकडे जायच्या. मला हवी तशी नर्स मला मिळाली होती. डोस होता तिथेच राहिला.

एका सकाळी न्हाणीघरातून येताना पाठीत असं काही झालं की मी दाराच्या चौकटीला धरून खाली बसलो. कुसुमने कसंबसं खाटेवर आणलं आणि ती चहा आणायला गेली. मला वाटलं, तो वाईट दिवस हाच. कपाटाकडे हात पोचत होता. बाटलीतल्या चार गोळ्या मी एकदम घेतल्या, सकाळची ठरलेली घेतलेली असताना.

पुढचं मला कुसुमने सांगितलं. अकराच्या सुमारास तिने हाक मारली, मी उठलो नाही. घोरणं विचित्र, मध्येच थांबणारं. तिला रंजना सिस्टरांचं वाक्य आठवलं, हाक मारून उठले नाहीत तर. तिने वाट पाहिली नाही. शेजाऱ्यांना बोलावलं. रोह्यातल्या डॉक्टरांनी तातडीचं इंजेक्शन देऊन ॲम्ब्युलन्सने पेणला पाठवलं. ज्या बाईला मी चोर ठरवलं होतं, तिच्या शिकवण्यामुळे मी वाचलो. हे अलंकारिक बोलणं नाही. कुसुमला दुसरं कोणी हे शिकवलंच नव्हतं.

पिशवी

शुद्धीवर आलो तेव्हा दुसऱ्या दिवसाची सकाळ होती आणि वॉर्डात रंजना सिस्टर होत्या. त्यांना नुकतंच वॉर्डात काम दिलं होतं, पण गोळ्यांच्या कपाटाची किल्ली दिली नव्हती. माझ्या शेजारच्या खाटेवरचा माणूस कळवळत होता आणि त्या त्याला म्हणत होत्या, "थांबा दादा, किल्लीवाल्या सिस्टर येतायत." त्याच्या गुडघ्याखाली त्यांनी चादरीची घडी सरकवली, कपाळ पुसलं, आणि दाराकडे पाहत उभ्या राहिल्या. किल्लीवाल्या सिस्टर यायला बराच वेळ लागला. तो सगळा वेळ मी पाहत होतो. किल्ली का नाही, हे त्या वॉर्डात मला एकट्यालाच पूर्ण माहीत होतं.

मग त्या माझ्याकडे आल्या. घरून आणलेली सगळी औषधं स्वतः डोळ्यांनी पाहायची, ही त्यांची पद्धत. कुसुमने घाईत कपाटातलं सगळं पिशवीत कोंबलं होतं. सिस्टरांनी ती पलंगावर रिकामी केली आणि एकेक वस्तू उचलून पाहायला लागल्या. होमिओपॅथीची बाटली हलवली. उघडली. तळहातावर दोन गोळ्या घेतल्या.

"ह्या साबुदाण्यासारख्या नायत," त्या म्हणाल्या.

कुसुम वाकून पाहायला लागली. मी छताकडे पाहत होतो.

"किती ठेवल्या होत्या गुर्जी?"

"सहा."

"काल चार घेतल्या?"

"हो."

कुसुमने तोंडावर पदर धरला. सिस्टरांनी पेन काढलं. मला वाटलं होतं की त्या ओरडतील, निदान हसतील तरी. त्यांनी फक्त लिहायला सुरुवात केली.

"हे लिहायलाच हवं का?" मी विचारलं. एवढं होऊनही मी हे विचारलं.

"लिवायलाच पायजे. तुमच्या पोटात काय गेलंय ते डॉक्टरना कळायला नको?"

"आणि ते... अर्जाचं?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "मी जे बघते ते लिवते. अर्ज तुमी लिवलाय. त्याचं काय करायचं ते तुमी बघा."

मग त्यांनी फाइल मिटली आणि रोजच्याच आवाजात विचारलं, "आता दुखतंय किती? शाळेतलं सांगू नका, खरं सांगा."

"आठ," मी म्हणालो. आणि मला रडू आलं. डोस वाढवला गेला. दोन दिवसांनी मी टेकू न घेता बसून पेज प्यायलो.

उशीर

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही, कारण मी गप्प बसलो. कुसुमने आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. मग एकदा ताट ठेवताना म्हणाली, "कधी जाणार?" मी म्हणालो, "जरा हिंडता-फिरता होऊ दे." इंजेक्शनं लागू पडली, दुखणं उतरलं, गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्या, मी हिंडता-फिरता झालो. तरी गेलो नाही. मला संशय होता की मी कबूल केलं तर रुग्णालय माझे उपचार थांबवेल. असं कोणी म्हटलं नव्हतं. पण स्वतः जसा वागलो, तसेच सगळे वागतील असं मला वाटत होतं. संशयी माणसाचं हेच होतं.

शेवटी या वर्षी होळी झाल्यावर मी कुसुमबरोबर पेणला गेलो आणि दुसरा अर्ज दिला. यात बाटली होती, सहा गोळ्या होत्या, फाइलमधली पूर्ण नोंद होती. तिथल्या साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला.

"गुरुजी, ते प्रकरण कधीच मिटलं, रोह्याची फेरीही पुन्हा चालू आहे. त्यांच्यावर काही सिद्ध झालं नाही."

"सिद्ध झालं नाही असं नाही. त्यांनी केलंच नाही. असं लिहा."

"अहो, एकच की ते."

"एकच नाही," मी म्हणालो. "मी मराठी शिकवायचो."

तासभर बसून राहिलो. त्यांनी तसं पत्र काढलं. किल्ली या कागदावाचूनच अडली होती; ती त्याच आठवड्यात परत मिळाली, असं नंतर कळलं.

निघताना जिन्यापाशी रंजना सिस्टर भेटल्या. मी हात जोडले. त्यांनी माझे हात खाली केले, प्रेमाने नव्हे, घाईने, कोणी पाहू नये म्हणून.

"इथं सगळ्यांना आधीच म्हायती होतं गुर्जी. बाटलीचं मी लिवलं तवापासून. इथं मला काय नाय. रोह्यात सांगा. तुमच्या आळीत. तिथं मी गेले तर बाया अजून माझ्या बॅगेकडं बघतात."

"सांगतो."

"सगळ्यांच्या आधी चाचीला सांगा," त्या म्हणाल्या आणि वर गेल्या.

जुबेदाचाची

चाची दारातच तांदूळ निवडत होत्या. मी पायरीवर बसलो. पाठ करून आलेलं सगळं विसरलो आणि उलटसुलट सांगितलं. गोळ्या माझ्याकडेच होत्या. सिस्टरांनी काही घेतलं नव्हतं. मी लपवल्या आणि त्यांचं नाव पुढे केलं. फेरी माझ्यामुळे बंद झाली.

चाचींचा हात सुपात थांबला.

"ती आली होती," मग त्या म्हणाल्या.

"कोण?"

"रंजना. फेरी बंद झाली त्याच्या पुढच्या रविवारी. सुट्टीच्या दिवशी, आपल्या पैशानं एसटीनं. गोळ्या नव्हत्या तिच्याकडं, ते तिनं आधीच सांगितलं. बोलली, 'चाची, गोळ्या देता येत नाय मला, पण चाचांचं तोंड धुऊन देते, जखम साफ करते, तुमाला कसं करायचं ते दाखवते. तेवढ्यानं पण बरं वाटंल त्यांना.'"

"मग?"

"मी दार लावलं तिच्या तोंडावर." चाचींनी सूप खाली ठेवलं. "आतून हे हातानं खुणा करत होते, येऊ दे, येऊ दे. मी त्यांना बोलले, ती चोर हाय. मास्तर बोललेत, आणि मास्तर खोटं बोलणार नायत. दोन वेळा आली ती. दोन्ही वेळा मी दार लावलं."

रंजना सिस्टरांनी हे मला कधीच सांगितलं नव्हतं. जिन्यावरही नाही.

"चाची, माफ करा, असं म्हणायलाही मला..."

"मला सांगून काय होणार मास्तर?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आळीत एकेका दारात जाऊन किती जणांना सांगाल? लिहून काढा. तुमचं लिहिलेलं लोक खरं मानतात."

म्हणून हे लिहिलं आहे. सहा गोळ्या माझ्या कपाटात होत्या. त्या मी स्वतः, माझ्या हाताने, समजून-उमजून ठेवल्या होत्या. रंजना सिस्टरांनी आमच्या घरातून काहीही नेलं नाही.